माशांची कवायत

कवायत मास्तरांना रिटायर होऊन दीड वर्ष झालं, पण शिट्टी काही गळ्यातून उतरली नाही. आंघोळीला जाताना तेवढी ती खुंटीला लटकायची आणि टॉवेलच्या आधी परत गळ्यात यायची. चौतीस वर्षं त्यांनी शाळेच्या मैदानावर पोरांना डावीकडे-उजवीकडे वळवलं होतं. आता घरात वळवायला कुणी उरलं नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेलेली, आणि बायको म्हणाल तर ती पहिल्यापासून स्वतःच्या मनानेच वळायची.

पोरांबद्दल मास्तरांची जन्माची तक्रार एकच: लक्ष नसतं, इकडेतिकडे बघतात. त्यामुळे दुकानदाराने गुहेतले आंधळे मासे दाखवले तेव्हा मास्तरांना अगदी भरून आलं. बोटाएवढे, फिकट गुलाबी, डोळ्यांच्या जागी नुसती सपाट कातडी. यांना दिसत नाही, पण पाणी जरा हललं तरी अंगाला कळतं, म्हणून कुठे धडकत नाहीत, असं दुकानदार सांगत होता. मास्तरांनी पुढचं ऐकलंच नाही. इकडेतिकडे बघूच न शकणारे विद्यार्थी! आणखी काय पाहिजे माणसाला? सात मासे घेऊन स्वारी घरी आली.

काचेची टाकी बैठकीच्या खोलीत लाकडी स्टँडवर बसली आणि दुसऱ्याच दिवशी हजेरीची वही निघाली. सातही मासे एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. तरी मास्तर एक ते सात नंबर लावून रोज हजेरी घेत. मग टाकीसमोर छाती काढून उभं राहायचं, नाल ठोकलेला बूट फरशीवर दाणकन आपटायचा आणि शिट्टी फुंकायची. सातही मासे घाबरून मागच्या कोपऱ्यात गोळा व्हायचे. मास्तर वहीत लिहायचे, 'शिस्तीने मागे हटले.'

खाणं मात्र बायको घालायची. मास्तर दुपारी आडवे झाले की ती अनवाणी यायची, स्टँडच्या पायावर नखाने दोनदा टकटक करायची आणि चिमूटभर खाणं सोडायची. महिनाभरात टकटक झाली की सातही मासे पुढच्या काचेशी हजर. हे तिने नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वहीत तिचाही नंबर लागला असता.

तशी ती आणखीही एक गोष्ट बोलत नव्हती. मास्तर सकाळी भाजी आणायला म्हणून जायचे आणि शाळेसमोरच्या बाकावर तासभर बसून यायचे. पिशवी रिकामीच. त्या माणसाला शाळेवाचून करमत नव्हतं, आतून वाळत चालला होता तो. शेवटी त्याने शाळेला पत्र लिहिलं: आठवड्यातून दोन दिवस कवायत घेतो, पगार नको. उत्तर आलं की नव्या मुख्याध्यापिका रविवारी संध्याकाळी स्वतः भेटायला येतील. त्या मास्तरांच्याच हाताखालून गेलेल्या.

मग काय, आठवडाभर घरात धामधूम. मुख्याध्यापिकांना माशांची कवायत दाखवायची असं मास्तरांनी ठरवून टाकलं. आंधळ्या माशांना जो शिस्त लावतो त्याला पोरं म्हणजे किस झाड की पत्ती! सातजण मागच्या कोपऱ्यात जाऊन बसले तर या माणसाचं काय होईल, एवढंच बायकोच्या डोक्यात घोळत राहिलं.

मुख्याध्यापिका आल्या, खुर्चीत टेकल्या. मास्तरांनी छाती काढली. बायको पाण्याचा ग्लास ठेवायच्या निमित्ताने स्टँडला खेटून उभी राहिली. बूट आपटला, शिट्टी वाजली आणि मासे पळाले. इतक्यात तिने पायाच्या अंगठ्याने स्टँडवर दोनदा हलकेच टकटक केलं. सातही मासे सुर्रकन पुढे आले आणि काचेशी रांगेत थबकले. मुख्याध्यापिकांनी टाळ्याच वाजवल्या.

मास्तर हवेत. इथे गप्प बसले असते तर काम फत्ते होतं, पण गप्प बसतील तर ते मास्तर कसले. बायकोकडे वळून म्हणाले, "तू आत जा बघू. मधेमधे उभी राहतेस, त्यांचं लक्ष जातं." बायको स्वयंपाकघरात गेली.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुन्हा एकदा बघू या. मास्तरांनी बूट आपटला. मासे मागे. शिट्टी फुंकली, मासे तिथेच. तिसऱ्या शिट्टीला मास्तरांच्या कानशिलावर घाम आला. चौथ्या वेळी शिट्टीतून नुसती हवा गेली.

मुख्याध्यापिका अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सर, राग मानू नका. आम्हीसुद्धा शिट्टीवर वळत नव्हतो. एक शिट्टी म्हणजे डावीकडे की उजवीकडे, हे तुमच्याच लक्षात राहायचं नाही. तुमच्या मागे झाडाखाली शिपाईमामा उभे असायचे, ते हात दाखवायचे. आम्ही त्यांच्याकडे बघून वळायचो."

म्हणजे पोरं इकडेतिकडे बघायची ती यासाठी. आणि त्याबद्दल चौतीस वर्षं मास्तरांनी पोरांना उन्हात उभं केलं होतं.

"मामा मागच्या महिन्यात रिटायर झाले," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आता पोरांनी कुणाकडे बघायचं, सर?"

मास्तर खाली वाकले, बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मोज्यांवरच स्वयंपाकघराच्या दारात गेले. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. संसाराला अडतीस वर्षं झाली होती, हुकूम सोडून तिच्याशी कसं बोलतात हे त्यांना चटकन आठवेना.

"जरा बाहेर येतेस का?" ते म्हणाले. "मला जमत नाहीये."

तिने गॅस बंद केला. बाहेर येऊन नवऱ्याचं मनगट धरलं, त्याला स्टँडशी बसवलं आणि त्याच्याच बोटाने लाकडावर दोनदा हलकेच टकटक केलं. बराच वेळ काही झालं नाही. मुख्याध्यापिका उठायच्या बेतात होत्या, त्याही थांबल्या. मग मागच्या कोपऱ्यातून एक मासा सुटला आणि चाचपडत पुढच्या काचेशी, मास्तरांच्या बोटासमोर येऊन थांबला.

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून बायकोच्या हातात दिली, वही ओढली आणि त्या दिवसाची हजेरी लिहिली. हजर: एक.

त्याचा नंबर मात्र त्यांनी लिहिला नाही.