खरवडलेलं लॉन

जळगावात लॉन लावणारा माणूस एक तर श्रीमंत असतो, नाहीतर हट्टी. मी शाळामास्तर आहे, तेव्हा मी कोणता ते सांगायला नको. आमच्या घरापुढे चार खाटा मावतील एवढा हिरवा तुकडा आहे. नर्सरीवाल्याने त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं होतं. पुढे नीट पाहिलं तर ती आपली साधी हरळीच निघाली, जरा बारीक पात्याची. हे मी कोणालाच सांगितलं नाही. आबांना तर मुळीच नाही.

आबा म्हणजे माझे वडील. चोपड्याजवळच्या गावात त्यांनी जन्मभर कापूस केला आणि जन्मभर कापसातली हरळी उपटली. एक पेर मातीत राहिलं तरी ती पुन्हा फुटते, म्हणून उपटलेली हरळी ते बांधावरसुद्धा ठेवत नसत. टोपलीत भरून लांब खडकावर नेऊन वाळवत. अशा माणसाच्या मुलाने पैसे मोजून हरळी विकत आणली, हे कोणत्या तोंडाने सांगणार? पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी ‘बाहेरचं गवत आहे’ असं ठोकून दिलं. डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे ते खपलं. पण टोमणा मारायचा तो त्यांनी मारलाच.

“गवत लाईसन त्याले पानी देवानं, आनि ढोर नहीं चारानं,” ते म्हणाले. “भारी शेती शे तुन्ही.”

यंदा थंडी सरता सरता लॉन गादीसारखं दबायला लागलं. वरून हिरवं, पण खाली वाळक्या काड्यांचा जाड थर, पाणी मातीपर्यंत पोचेना. नर्सरीवाला म्हणाला, खरवडून काढा. मग एका रविवारी मी लोखंडी दाताळं घेतलं आणि आधी उभं, मग आडवं ओढत गेलो. दुपारपर्यंत तीन पोती काडीकचरा निघाला आणि लॉनच्या जागी खरजेचं कुत्रं पडावं तशी जमीन उरली. शेजारच्या काकांनी येऊन विचारलं, बोअर कुठे मारताय?

त्याच आठवड्यात आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. बायको म्हणाली, आता घरात दोन पेशंट. दोघांचीही पथ्यं सारखीच. आबांनी वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही, वेळेवर थेंब. लॉनवर चालायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी. मी चाळलेलं शेणखत आणि वाळू पसरली आणि ओल टिकावी म्हणून वर बायकोच्या जुन्या साड्या अंथरल्या. लांबून बघून गल्लीतल्या दोन बायका बिबड्यांचे पापड वाळत घातलेत समजून राखणीला कोण बसलंय ते बघायला आल्या. राखणीला आबाच होते, काळा चष्मा घालून ओट्यावर. त्यांनी त्या बायकांना गंभीरपणे सांगितलं की मुलगा गवताला पांघरूण घालतो.

मला हे सगळं हसण्यावारी न्यायला बरं वाटत होतं, कारण खरी गोष्ट बोलायची माझी हिंमत नव्हती. आई गेल्यापासून आबा गावात एकटे. शेत बटाईने दिलेलं. त्यांनी आता आमच्याकडेच राहावं असं मला फार वाटायचं, पण आमच्या घरात असं कोणी कोणाला म्हणत नाही. आमच्याकडे माया टोमण्यातून पोचते, आणि ‘राहा’ या शब्दाचा टोमणा काही केल्या करता येत नाही. त्यांची कापडी पिशवी खाटेखाली भरलेलीच असायची. थेंब संपले की गावची गाडी धरायची, हे त्यांनी आल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

महिन्याभराने साड्या निघाल्या, काळा चष्मा निघाला. खरवडलेल्या जमिनीतून टाचणीएवढे हिरवे कोंब सगळीकडून वर आले. मी शाळेत जाण्यापूर्वी रोज उकिडवा बसून ते न्याहाळायचो. आबांना वाकायची परवानगीही त्याच आठवड्यात मिळाली, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या दुपारी शाळेतून आलो तर आबा घामाघूम होऊन ओट्यावर बसले होते. चेहऱ्यावर समाधान. शेजारी टोपली, टोपलीत खुरपी. डोळ्याच्या ऑपरेशनला येताना हा माणूस पिशवीत खुरपी घेऊन आला होता. आणि अर्ध्याहून जास्त लॉन साफ निंदलेलं होतं. एक मूळ शिल्लक नव्हतं.

“तुन्हा वावरमा बठ्ठी हरयी निंघेल व्हती,” आबा म्हणाले. “नवा डोयावरी दिसनी. आते तुन्हं बाहेरनं गवत येवाले मोकयं.”

जाण्याआधी मुलाचं काहीतरी काम करून जावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला रडू येतं की हसू, ते कळेना. बायको दारात पदर तोंडाला लावून उभी. शेवटी मी सांगून टाकलं.

“आबा, मी हरयीच लायेल शे.”

आबांनी टोपली जवळ ओढून त्यातली एक काडी उचलून पाहिली. त्यांना वाईट वाटलं ते मला दिसलं, आणि माझ्या थापेची मला मनापासून लाज वाटली. मग ते उठले, टोपलीवर बादलीभर पाणी ओतलं आणि म्हणाले की ज्याने मोडलं त्याने लावायचं. पिशवी खाटेखालीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून, जिला जन्मभर शत्रू मानलं तिची एकेक काडी आबा मातीत खोवू लागले. चैत्राचं ऊन वाढत गेलं तसं डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा ते सुनेकडून मागून घेऊ लागले. मी पाय ठेवला की ओरडायचे. शेजारच्या काकांना तर त्यांनी लॉनवर एक व्याख्यानच दिलं, मी वर्गात देतो त्याहून मोठं. गावाचं नाव त्यांनी महिनाभर काढलं नाही. आणि हरळी ती हरळीच. वैशाखात सगळी जमीन भरून आली.

ज्या संध्याकाळी शेवटचं टक्कल भरलेलं दिसलं, त्या संध्याकाळी आबांनी पिशवी खाटेवर काढून ठेवली. उद्याची सकाळची गाडी. मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सकाळी दूधवाला येण्याआधी मी बाहेर गेलो आणि कोपऱ्यातलं ताटाएवढं लॉन दोन्ही हातांनी ओरबाडून काढलं. पन्नाशी ओलांडलेला मास्तर, पण दुसरा उपाय सुचला नाही. मग चहाचा कप घेऊन ओट्यावर बसलो. आबा धुतलेलं धोतर नेसून, पिशवी घेऊन बाहेर आले. चपला घालता घालता त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. मी म्हणालो, कुत्र्याने उकरलेलं दिसतंय.

आबा तिथे जाऊन वाकले. मातीत बोट घालून आत राहिलेल्या मुळ्या चाचपल्या. मग माझ्याकडे वळून कप धरलेल्या माझ्या हाताकडे, नखांतल्या मातीकडे पाहिलं.

“मुया बठ्ठ्या खालेच राहेल शेतस,” ते म्हणाले. “इतलं वय व्हयनं, तुले अजून हरयी उपटता येत नहीं. शिकाडनं पडी.”

मग त्यांनी चपला काढल्या आणि पिशवीतून खुरपी बाहेर काढली.