आमच्या साडूंचा हलता पडदा

परभणीत पहिला कॉम्प्युटर कोणी आणला याबद्दल लोक वाद घालतील. पण परभणीत कॉम्प्युटरला पहिली थप्पड कोणी मारली याबद्दल वाद नाही. ती आमच्या साडूंनी मारली. उजव्या हाताने, डाव्या कानाखाली. म्हणजे कॉम्प्युटरला कान असता तर जिथे असता तिथे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडे म्हणतात, त्याचा साडूंनी लावलेला अर्थ असा, की जर्मनीत यंत्रं बनतात आणि परभणीत ती वठणीवर येतात.

हलणारी, कललेली, डुगडुगणारी वस्तू या माणसाला बघवतच नसे. आमच्या घरी आले की चहाच्या आधी ते भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत. एकदा त्यांनी ते इतकं सरळ केलं की खिळा, खिळ्याभोवतीचा गिलावा आणि उरलेलं सगळं वर्ष माझ्या पायाशी आलं. “भिंतच वाकडी हाय तुमची,” असं म्हणून ते निवांत चहा प्यायले. डुगडुगत्या टेबलांच्या पायाखाली घालायला त्यांच्या खिशात जुन्या पोस्टकार्डांच्या घड्या कायम असत. पेडगावला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे उठले, तरातरा अंतरपाटापाशी गेले आणि नवरदेवाचं कललेलं बाशिंग सरळ करू लागले. भटजी गप्प झाले. भटजी गप्प झाले म्हणून वाजंत्र्यांना वाटलं लागलं लग्न. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि मंडपाने अक्षता उधळल्या. मुहूर्ताच्या आधी लग्न लागलं म्हणून नवरीकडची मंडळी बरीच वर्षं त्यांच्यावर डूख धरून होती. साडूंचं उत्तर ठरलेलं: “वाकडं तर न्हाई लागलं ना?”

अशा माणसाच्या कपाळी नेमका हलणारा पडदा यावा, याला काय म्हणावं? चाळिशी उलटल्यावर औरंगाबादला जाऊन, पोरासोरांच्या बाकावर बसून ते कॉम्प्युटर शिकले आणि एकोणीसशे नव्वदच्या सुमारास भाड्याच्या एका खोलीत त्यांनी क्लास काढला. स्वतःच्या मनाने केलेली ही त्यांची आयुष्यातली एकमेव गोष्ट. शिक्षण वडिलांनी ठरवलं होतं, आधीची नोकरी चुलत्यांनी, आणि लग्न आमच्या सासऱ्यांनी. सासऱ्यांचं देवगाव फाट्याला खताबियाण्यांचं दुकान होतं आणि थोरल्या जावयाने त्या गादीवर बसावं असा त्यांचा हट्ट होता. शेवटी त्यांनी निरोप धाडला: “कोजागरीला येतो. तुमचं यंत्र बघतो. पडदा हलला, तर दिवाळीपासून दुकानावर यायचं.” जावयाचं यंत्र थरथरतं ही बातमी फाट्यावर पोचली होती आणि तिथे लोक सासऱ्यांना हसत होते.

पडदा खरोखरच हलायचा, हे मी शपथेवर सांगतो. हिरवी अक्षरं उभ्या जागी थरथरायची आणि मधूनच अख्खी ओळ डावीकडे घसरून परत यायची. बोरीहून शिकायला येणारे एक मास्तर पहिल्याच दिवशी डोळे मिटून म्हणाले, “सर, मला गाडी लागल्यावाणी व्हायलंय.” थप्पड चालेना म्हणून साडूंनी टेबलाखाली पोस्टकार्डं घातली. मग मागची सगळी बटणं पिळली. मग अर्थिंग कच्चं आहे असं ठरवून अंगणातल्या खड्ड्यात मिठाच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. त्यात शेजारची तुळस वाळली आणि त्या घराशी बोलणं बंद झालं. एकदा तर मला यंत्रासमोर बसवून स्वतः मान हलवत उभे राहिले. “पडदा जिकडं जातो तिकडं आपुन गेलं, तर तो थांबल्यावाणी दिसायला पाहिजे,” असा त्यामागचा विचार. दोन दिवस मानेला शेक घेत होते.

औरंगाबादचा इंजिनिअर आला त्या दिवशी मात्र पडदा शाळेतल्या प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा निश्चल. इंजिनिअर जेवला, ढेकर दिला, “काही झालेलं नाही,” म्हणाला आणि गेला. साडूंनी कॅलेंडर पाहिलं. अमावस्या. पुढच्या अमावस्येलाही तेच. झालं, साडूंना शास्त्र सापडलं! “पुनवेला समुद्र उसळतो, तिथं ह्या डब्याची काय कथा? चंद्र वढायलाय त्याला.” मी म्हटलं, मग सासऱ्यांना अमावस्येलाच बोलवा. त्यांनी बोलावलंही. उत्तर आलं, “अमावस्येला आमी उंबरा वलांडत न्हाई, अन् जावयाच्या दारी तर मुळीच न्हाई.” म्हणजे सासरे येणार भर पौर्णिमेला. माझे साडू जेवेनासे झाले.

कोजागरीच्या आदल्या दिवशी मेहुणीने त्यांना ज्वारीचा डबा देऊन गिरणीत पिटाळलं. गिरणी क्लासला अगदी खेटून, मधे एकच भिंत. साडू तसेच परत आले, कारण गिरणीचा पट्टा तुटला होता. क्लासच्या दारात पाऊल ठेवलं आणि थिजलेच. पडदा स्थिर होता. चतुर्दशी असून स्थिर होता. डबा डोक्यावर तसाच ठेवून ते म्हणाले, “चंद्र बिचारा निर्दोष हाय.” आमच्या गावात अमावस्येला गिरणी बंद असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण लाइट आली की गिरणी सुरू आणि लाइट आली की कॉम्प्युटर सुरू. लाइट गेली की दोन्ही बंद. एकीशिवाय दुसरा आम्ही पाहिलाच नव्हता. भिंतीला चिकटलेली ती मोठी मोटर पडद्याला ओढत होती. टेबल तिथून हलवावं हे तरीही कोणाला सुचलं नाही. प्लग त्या भिंतीला, म्हणून टेबल त्या भिंतीला, हे ब्रह्मदेवाने लिहिलेलं.

पट्टा जोडता जोडता गिरणीवाले चाचा हसून लोटपोट झाले. “जवारी पिसेंगे तो हिलेंगाच ना, साब.” पण माणूस दिलाचा मोठा. सासरे बघून जाईपर्यंत गिरणी बंद ठेवायचं त्यांनी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सासरे उतरले. पांढरं धोतर, काळी टोपी, चेहऱ्यावर दुकानाची किल्ली. गिरणी थांबली. पण दिवाळीच्या भाजणीची रांग बाहेर उभी होती, ती काय नुसती उन्हात उभी राहणार? आपलं पीठ कशासाठी अडलंय ते बघायला सगळ्या बाया डबे घेऊन क्लासात शिरल्या. सासऱ्यांनी खोलीभर नजर फिरवली. “एवढ्या बाया शिकायल्यात?” साडूंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी तोंड उघडलं, तोच मागून चाचा म्हणाले, “हौ, पाटील. रोज आतेत.”

साडूंनी एकेक बटण दाबून इंग्रजीत सासऱ्यांचं पूर्ण नाव लिहिलं. सासऱ्यांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालेलं. इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं. ते पुढे वाकले. “हे मी?” “हो मामा. तुमीच.” “लय लांब हाय की.” त्यांनी हिरव्या अक्षरांवरून काचेवर बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि, उर्दूच्या सवयीने, शेवटापासून पहिल्यापर्यंत. तेवढ्यात एक म्हातारी करवादली, “नाव वाचून झालं असंल तर गिरणी चालू करा. मला चूल पेटवायची हाय.” बाकीच्या बायांनी री ओढली आणि चाचांचा नाइलाज झाला. भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. सासऱ्यांचं नाव थरथरलं आणि सर्रकन डावीकडे घसरलं.

साडूंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. सगळं गेलं असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि सासऱ्यांनी काय करावं? दोन्ही पंजे पुढे करून त्यांनी तो पडद्याचा डबा दोन्ही अंगांनी घट्ट धरला. “नवा बैल असाच बुजतो,” ते म्हणाले. “मी धरतो. तुमी शिकवा.” दुकानाचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि पुढेही कधी निघाला नाही.

दिवाळीत खोलीला चुना द्यायचा म्हणून टेबल समोरच्या भिंतीकडे ओढलं, लांब वायर लावून यंत्र सुरू केलं, आणि पडदा जागच्या जागी थांबला. एवढंच करायचं होतं. साडूंनी कपाळावर हात मारला आणि टेबल कायमचं तिकडेच ठेवलं. क्लास चालला, चांगला चालला. सासरे मात्र महिन्या-दोन महिन्यांनी येत राहिले. आल्या आल्या टोपी काढून यंत्रापाशी बसत, दोन्ही हात लावून डबा धरत आणि तास संपेपर्यंत सोडत नसत. त्यांच्या धरण्याने काहीही होत नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण सासरे यायचे आहेत असा निरोप आला, की आयुष्यभर जगातलं वाकडं सरळ करत आलेले आमचे साडू सकाळी लवकर क्लास उघडायचे आणि टेबल एकट्याने ओढत पुन्हा गिरणीच्या भिंतीला नेऊन लावायचे. म्हातारे गेले त्या वर्षापर्यंत त्यांनी यात एकदाही चूक केली नाही.