शेवटची नोंद

भानुमती गोंधळेकरांना घाई करताना कुणी पाहिलेलं नाही. नवरा नरसिंह केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून लग्नानंतर त्या बार्शीहून थेट गाझियाबादला आल्या. लेक सृष्टी शाळेत जाऊ लागल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि गेली सोळा वर्षं त्या एका रुग्णालयाच्या नोंदी सांभाळतात. भाजीवाल्याने कितीही शपथ घेतली, तरी भेंडीचं टोक मोडून पाहिल्याशिवाय त्या पिशवी पुढे करत नाहीत.

रुग्णालयाच्या दोन शाखा, एक नोएडात, एक गाझियाबादला. सगळ्या रुग्णांच्या नोंदींची पूर्ण प्रत दोन्हीकडे असते. इकडे लिहिलेलं क्षणात तिकडे उमटतं. मार्चमधल्या एका सकाळी रस्ता खोदताना केबल तुटली. पावणेदोन तास दोन्ही शाखा आपापल्या प्रतीत लिहीत राहिल्या, एकीला दुसरीचा पत्ता नाही. केबल जोडली तेव्हा सेहेचाळीस रुग्णांच्या नोंदी दोन्हीकडे वेगवेगळ्या निघाल्या.

शशिकांत त्यांचा वरिष्ठ. वयाने धाकटा, अकोल्याचा. त्याने ठरलेला नियम पुढे केला: शेवटी लिहिलेली नोंद ठेवायची, आधीची पुसायची. दोन मिनिटांचं काम.

भानुमतींनी आधी नोंदी उघडून पाहायला घेतल्या. तिसरीपाशी त्या थांबल्या. रेवती कुलश्रेष्ठ, वय बासष्ट, दुपारी दोनला गुडघ्याचं ऑपरेशन. सव्वानऊला गाझियाबादच्या नर्सने लिहिलं होतं, पेनिसिलिन चालत नाही. पाऊण तासाने रेवतीबाईंच्या मुलाने नोएडाच्या काउंटरवर मोबाइल नंबर बदलून घेतला. नोएडाच्या प्रतीत पेनिसिलिनचा उल्लेखच नव्हता, आणि तीच नोंद शेवटची होती. नियम लावला असता तर नवा नंबर राहिला असता आणि पेनिसिलिनची ओळ गेली असती.

त्यांनी सेहेचाळीसही नोंदींना कुलूप लावलं आणि फोन हाती घेतला.

थोड्याच वेळात डॉक्टरांच्या तक्रारी सुरू झाल्या, कारण त्या रुग्णांचे कागद उघडेनात. शशिकांतचा फोन खणखणत होता. तो त्यांच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "ताई, सेहेचाळीस जणांना फोन? संपेपर्यंत दिवाळी उजाडेल. चलो, फराळ घेऊनच येतो मग."

"चकल्या आण. आणि खालची तेवीस नावं तू घे."

तो हसला, पण खुर्ची ओढून बसला.

भानुमतींनी पहिला फोन गाझियाबादच्या वॉर्डात लावला. नर्सला त्यांनी सांगितलं, स्क्रीन बघू नका, पलंगापाशी जाऊन बाईंनाच विचारा. फोनवर पावलं ऐकू आली, मग म्हाताऱ्या, शांत आवाजातलं उत्तर: "हाँ बेटा, एक बार तो साँस ही अटक गई थी।"

भानुमतींनी दोन्ही नोंदी जोडल्या. नवा नंबर राहिला, पेनिसिलिनची ओळही राहिली. मग पुढचं नाव घेतलं. बहुतेकांच्या नोंदींत किरकोळ फरक निघाले: पत्ता, वजन, तपासणीची वेळ. तरीही त्यांनी एकही नाव वगळलं नाही. डबा तसाच राहिला. दीडला शेवटचं कुलूप निघालं.

साडेतीनला वॉर्डातून फोन आला. भूलतज्ज्ञांनी नोंद वाचून इंजेक्शन बदललं होतं. ऑपरेशन नीट झालं, रेवतीबाई शुद्धीवर आहेत. शशिकांतने स्वतःहून तो नियम बंद केला, आणि पुन्हा असं झालं तर काय करायचं ते लिहून काढायला बसला. पहिल्या ओळीत काय घालू, असं त्याने विचारलं.

भानुमतींनी गार पोळीचा तुकडा मोडत सांगितलं, "लिही, आधी माणसाला विचारा."