पोस्टमनच्या पोटऱ्या

पोस्टमन आमच्याकडे आला आणि आल्या आल्या साठ दिवसांसाठी आडवा झाला. अंतराळात पायांवर भार पडत नाही, स्नायू झिजतात. ते कसं थांबवायचं, याचा अभ्यास होता. पलंग डोक्याकडे जरा उतरता. खाणं, अंघोळ, सगळं पडूनच. निम्म्यांनी पडल्या पडल्या पायांचा व्यायाम करायचा, निम्म्यांनी पाय ढिम्म ठेवायचे. चिठ्ठी काढली, पोस्टमनला दुसरा गट आला.

मी तिथली मदतनीस. अंग पुसणं, चादरी बदलणं माझ्याकडे. बडबडी माणसं मला सोसत नाहीत, पण हा बरा होता. शेजारच्या पलंगावरचा शिंपी त्याच्याच गटातला. पोस्टमन दिवसभर त्याची फिरकी घ्यायचा.

"मावशी, माझी आई आठ महिने अंथरुणाला खिळली होती," पोस्टमन एकदा म्हणाला. "पायांच्या नुसत्या काड्या झाल्या. तशा माणसांसाठी काही निघालं तर बरं, म्हणून आलो."

तिसाव्या दिवशी पोटऱ्या मोजल्या. शिंप्याच्या चांगल्याच उतरल्या होत्या. पोस्टमनच्या जशाच्या तशा! डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "व्यायामाशिवाय पाय असे राहत असतील, तर व्यायामाचा उपयोग काय म्हणायचा?"

मला एकदम आठवलं. त्याची चादर दर आठवड्याला टाचेपाशी विरायची आणि मी मुकाट्याने बदलायची. अक्कल गहाण टाकली होती माझी!

"काय करतोस रे चादरीखाली?" मी विचारलं.

आधी उडवाउडवी केली. मग रडकुंडीला आला. "पलंगाच्या दांडीला टाचा रेटतो, मावशी. पाय बारीक होतायत असं वाटलं की आई दिसते. राहवत नाही."

"बाईंना सांग. नाहीतर मी सांगते."

त्याने स्वतःच सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत, त्याचं नाव तेवढं कापलं. "आता बोटही हलवत नाही, पहिल्यापासून मोजा," त्याने गयावया केली. पण तसं होत नसतं.

इतके दिवस पडून राहिल्यावर उठताना चक्कर येते, ती थांबेपर्यंत दोन दिवस त्याला ठेवून घेतलं. मग पिशवी उचलून तो सरळ चालत निघाला. शिंपी पडल्या पडल्या त्याच्या पायांकडे बघत होता.

"रागावलास?" पोस्टमनने विचारलं.

"भीती मलाही वाटत होती रे," शिंपी म्हणाला. "मी नाही हललो."

पोस्टमन जिन्यापर्यंत गेला, वरच्याच पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला.