चार्जर लावला की थांबणारं पॅनल

छत्तीसगढातल्या उरला गावचा तो बॅटरीवाला मूळचा आमच्याच नागपूरकडचा, पण कशालाही 'हो' म्हणायचं तर छत्तीसगढी 'हव' म्हणायचा आणि बोलताना गमछ्याने पुसत असलेल्या आपल्या हातांकडेच पाहायचा. माझ्या प्रवासी व्हॅनच्या बॅटरीसाठी छतावरचं सोलर पॅनल आणि प्लगचा चार्जर, दोन्ही त्यानेच बसवले. भाव मी निम्म्यावर आणला होता.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन बस्तरला निघायचं होतं. तिचं इन्सुलिन व्हॅनच्या फ्रिजमध्ये राहणार होतं. आणि भर उन्हात, चार्जर लावलेला असताना, पॅनलचा मीटर शून्यावर. आईसकट व्हॅन त्याच्या दुकानासमोर नेली, त्याच्याच प्लगला जोडून मीटर दाखवला आणि ओरडलो, "मेलेलं पॅनल विकलं तू मले."

"हव," म्हणत त्याने प्लग काढला आणि बॅटरीवर भार पडावा म्हणून फ्रिज चालू केला. मीटर चढू लागला.

"चार्जर जास्त व्होल्टेज देऊन राहिला होता. पॅनलले वाटलं, बॅटरी भरली. म्हणून थांबलं."

"हे बसवतानाच काहून नाही सांगितलं?"

"सांगून राहिलो होतो, भैया. तुम्ही भाव करून राहिले होते."

"हव," आई व्हॅनमधून म्हणाली.

इन्सुलिन बस्तरपर्यंत थंड राहिलं. तरी माझं म्हणणं आहे, त्याने जरा मोठ्याने सांगायला पाहिजे होतं.