कवळीकराचा क्लच

क्लच जड झालाय, असं कवळीकर पहिल्यांदा म्हणाला तेव्हा त्याचा स्वतःचाही त्यावर पूर्ण विश्वास होता.

चौकातल्या सिग्नलला तो थांबला होता. पहिला गिअर टाकलेला, क्लच दाबून धरलेला. दिवा हिरवा व्हायच्या आतच डाव्या हाताची बोटं आपोआप सैल पडली. मोटारसायकलनं एक आचका दिला आणि ती जागच्या जागी बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काका, डुलकी लागली का?" कवळीकरानं गाडी पुन्हा सुरू केली. घरी आला, बूटही न काढता मागच्या अंगणात गेला आणि क्लचची केबल उपसून काढली. जुनी केबल कुठं अडकत नव्हती, तरी नवी घातली. तेल सोडलं, लिव्हरचा खिळा घासून गुळगुळीत केला. दुसऱ्या दिवशी क्लच पुन्हा जडच.

कवळीकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात त्याची हयात गेली होती. प्लास्टरचे साचे, मेणाच्या हिरड्या, त्यात एकेक दात बसवायचा, घासायचा, चकाकी आणायची. तिथल्या लोकांनी चेष्टेत ठेवलेलं नाव असं चिकटलं, की बायकोच्या माहेरीही तो कवळीकरच झाला. खरं आडनाव पोस्टमन सोडला तर फारसं कुणाला आठवत नसे.

त्याचा जीव मात्र होता त्या उंच मोटारसायकलमध्ये. खडी, चिखल, नदीचं पात्र, कशातूनही निघून जाणारी गाडी. वर्षभर प्लास्टरची धूळ खायची आणि सुट्टी मिळाली की बायकोला मागं बसवून रस्ता संपेल तिथपर्यंत जायचं, हा नवराबायकोचा नेम. एकदा एका मेकॅनिकनं मागच्या चाकाचा नट ढिला ठेवला आणि डोंगरातली खिंड उतरताना चाक डगमगायला लागलं. त्या दिवसापासून गाडीला परक्या माणसाचा हात लावू द्यायचा नाही, ही त्याची शपथ. तेल तो बदलणार, चेन तो ताणणार, व्हॉल्व्हमधली फट तोच पातळ पात्या घालून मोजणार. बायकोची कंबर दुखते म्हणून सीटचा स्पंज त्यानं पाव कापायच्या सुरीनं कापून हवा तसा केला होता. बायको सुरी शोधून थकली होती. एकदा हँडलवरचं प्लास्टिक फुटलं, तर कारखान्यातली कवळीची पावडर आणि पातळ द्रव कालवून सांधलं. सांधा पक्का, पण रंग हिरडीचा, गुलाबी. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आता हिला दातही बसवा, म्हणजे वाटेतलं कुत्रं घाबरेल."

तेव्हा सगळेच हसले होते.

केबल बदलून, लिव्हर बदलून झाल्यावर शेवटी तो डॉक्टरकडे गेला. एकटाच. डॉक्टरीण वयानं लहान होती पण आडपडदा न ठेवता बोलली. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वाळत चालल्यात. डावा हात आधी, मग उजवा, मग बाकीचं.

"औषध?"

"वेग थोडा कमी करणारं आहे. उलटं फिरवणारं नाही."

कवळीकरानं टेबलावरच्या काचेवर डावा पंजा ठेवून बोटं आवळून बघितली. मग म्हणाला, "क्लच दाबता येईल ना?"

डॉक्टरिणीला प्रश्नच समजला नाही.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "मानेत नस दबलीये. व्यायाम सांगितलाय."

तिथून त्यानं हाताशी शर्यत लावली. हात जेवढा कमी होईल तेवढी गाडी सोपी करायची. इंजिनाच्या बाजूला केबल जिथं जोडली जाते तिथं बोटभर लांबीचा एक दांडा असतो. तो लांब केला की दाबायला जोर कमी लागतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं लोखंडी पट्टी कापली, भोकं पाडली, दांडा दीडपट केला. क्लच लोण्यासारखा झाला. कवळीकर त्या दिवशी जेवताना चक्क गुणगुणत होता.

पण दांडा लांब केला की जोर कमी लागतो आणि ओढही कमी बसते. क्लच दाबला तरी पुरता सुटेना. पहिल्या गिअरमध्ये उभी केली की गाडी मुंगीच्या पावलांनी पुढं सरकायची, दावं ओढणाऱ्या गुरासारखी. ब्रेकवर पाय ठेवून भागेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. मनाला काय, समजावलं की समजतं.

मग पाय. गाडी उंच, थांबली की पायांचे चवडेच जमिनीला टेकायचे. आता ती एका बाजूला कलली तर तोलून धरणारा हात राहिला नव्हता. म्हणून गाडी बुटकी करायची ठरली. मागच्या शॉकच्या जोडपट्ट्या लांब घालायच्या, पुढच्या फोर्कचे दांडे वर सरकवायचे. पूर्वी हे एका सकाळचं काम. आता एकेक नट त्याच्याशी भांडत होता. पाना डाव्या हातात थांबेना, तर त्यानं तो नटाला लावून पायानं दाबला. घसरला की नडगी सोलून निघायची. बायको विचारायची, "हे काय लागलं?" तो म्हणायचा, "कारखान्यात खुर्ची लागली." त्या खुर्चीनं त्याला फारच मारलं त्या महिन्यात.

एका रविवारी दुपारी काम पुरं झालं. बायको कामाला गेली होती. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत ती होती. कवळीकर सीटवर बसला. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. उतरला, साइड स्टँडवर गाडी लावली आणि पसरलेली हत्यारं गोळा करायला उजव्या बाजूला खाली बसला.

गाडी बुटकी केली की स्टँडही तेवढाच कापावा लागतो. नाहीतर गाडी कलत नाही, ताठ उभी राहते आणि उलट्या अंगाला पडते. हे त्यानं स्वतः कितीतरी जणांना बजावलं होतं. त्या दिवशी आनंदाच्या भरात तोच विसरला. उठताना त्यानं आधाराला सीट धरली आणि ओढली. सगळी गाडी त्याच्या अंगावर आली.

पाय गुडघ्यापासून खाली अडकला. टाकीच्या झाकणातून पेट्रोल टपकत बाहीवर पडत होतं. त्यानं उजव्या हातानं रेटलं, हलेना. डावा हात लावला, तो ओल्या कापडासारखा घसरून खाली आला. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचा रेडिओ चालू होता. एक हाक मारली असती तर चार माणसं धावली असती. कवळीकरानं हाक मारली नाही. माणसं आली असती, आणि एवढी वर्षं गाडी खेळवणारा हा माणूस तिच्याखाली का चेंगरलाय, हे विचारलं असतं. त्यापेक्षा पेट्रोल बरं, असं त्याला वाटलं.

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा बायको आली. दारातच पिशवी टाकून धावली. "अहो! किती वेळ झाला? ओरडलात का नाही?"

"आधी उचल."

तिनं सीटला पाठ लावली, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं मागचा कॅरिअर पकडला आणि मागं रेटत रेटत गाडी उठवली. रोज ओल्या चादरींचे गठ्ठे उचलणारी बाई ती. त्यानं पाय ओढून घेतला. हाड शाबूत होतं. तिनं गाडी भिंतीला टेकवली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"नस दबलीये म्हणालात ना?"

कवळीकर सोललेली नडगी चोळत राहिला.

"शर्टाची बटणं गेला हिवाळाभर मी लावतेय. लाडानं लावते असं वाटलं का तुम्हाला? रात्री झोपेत तुमच्या दंडाचं मांस आपोआप उडतं, ते मला दिसत नाही? मी वाट बघत होते, हा माणूस कधी बोलतोय."

मग तो बोलला. डॉक्टरीण जे म्हणाली ते सगळं, त्याच क्रमानं. डावा, मग उजवा, मग बाकीचं. त्याच्या बाहीवरचा पेट्रोलचा डाग बायको पदरानं पुसत राहिली. तो डाग पुसून जाणारा नव्हता.

मेहुण्याला कळलं तसा तो दुसऱ्याच दिवशी हजर. "भाऊजी, गिअरच नसलेली स्कूटर घ्या. क्लचचा प्रश्नच मिटला!"

"आणि उजवा हात गेला की?"

मेहुण्यानं बहिणीकडं बघितलं. कवळीकर चिडून म्हणाला, "तुझी बहीण आणि तू मिळून मला खुर्चीत बसवायला निघालात. मला जाऊ दे एकदा. एकदाच. खिंडीपर्यंत."

"कुणी अडवलंय?" बायको म्हणाली. "मी घेऊन जाते. शिकते."

"मागं बसू? तुझ्या?" तो ज्या सुरात हे म्हणाला, तो सूर तिला पुढं कितीतरी दिवस ऐकू येत राहिला.

त्यानं शेवटचा उपाय केला तो तिच्यापासून लपवून. चामड्याचा जुना पट्टा कापून मनगटाभोवती कडं बनवलं, आणि त्याला बकलानं क्लचच्या लिव्हरशी जोडलं. बोटं दाबत नाहीत ना, मग कोपरानं ओढायचं. अंगणात उभ्या गाडीवर जमलं. ओढ, सोड, ओढ, सोड. एका सकाळी बायको कामाला गेल्यावर त्यानं गाडी बाहेर काढली.

पहिल्या दोन गल्ल्या तो राजा होता. वारा चेहऱ्यावर, खाली इंजिनाचा ओळखीचा आवाज. मग शाळेजवळचं वळण आलं. समोर एक बाई लेकीचं बोट धरून रस्ता ओलांडत होती. त्यानं कोपर ओढलं. लांब दांड्याचा तो क्लच, सुटायला हवा तसा सुटलाच नाही. पुढचा ब्रेक उजव्या बोटांनी दाबला, आणि त्या क्षणी त्याला कळलं की उजवी बोटंही पूर्वीची राहिलेली नाहीत. पाय मागच्या ब्रेकवर जाईपर्यंत गाडी घुरघुरत पुढं सरकत गेली. पुढचं चाक पोरीच्या दप्तराला लागलं, ती फूटपाथवर बसकण मारून पडली. गाडी दिव्याच्या खांबाला टेकून बंद पडली.

पोरीला खरचटलंही नव्हतं. पण तिच्या आईनं रस्ता डोक्यावर घेतला. "माणसं दिसत नाहीत? डोळे फुटले का तुमचे? उतरा खाली!"

त्याला उतरता येईना. मनगट लिव्हरला बांधलेलं, आणि बकल उघडायला उजव्या बोटांत जोर नव्हता. बाई हात उगारून जवळ आली आणि थबकली. तिनं पट्टा बघितला, हाडाला चिकटलेला तो हात बघितला. उगारलेला हात खाली आणला, वाकली आणि बकल सोडवलं. लेकीला उचलून घेऊन निघून गेली. तिनं चार थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कवळीकराला वाटलं. खांबाला धरून तो उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, खूप लागलंय.

लाँड्रीत बायकोला बोलावणं गेलं. तिनं आणि एका पानवाल्यानं मिळून गाडी ढकलत घरी आणली. तो मागून चालत आला.

चार-पाच दिवस तो अंगणाकडं फिरकला नाही. मग एका सकाळी म्हणाला, "गाडी विकायची. त्याआधी जशी होती तशी करायची. माझे उपद्व्याप काढून टाकायचे. पुढचा जो घेईल त्याला क्लचचा दगा नको."

"मेकॅनिक बोलवू?"

त्यानं पान्यांचा डबा पायानं तिच्यापुढं सरकवला.

"बरं," ती म्हणाली. "सांगा. कुठला पाना?"

शिकवायला तो वाईट होता. "डावीकडं! अगं, डावीकडं म्हणजे तुझ्या डावीकडं नाही!" ती ओरडायची, "मग माणसासारखं सांगा की!" एकदा तिनं पाना भिंतीवर फेकून मारला आणि आत जाऊन बसली. तो दारात येऊन म्हणाला, "तो तेरा नंबरचा पाना आहे, हरवायचा." मग दोघंही एकमेकांकडं न बघता परत आली. दांडा आखूड झाला. फोर्क खाली आला. शॉकच्या जुन्या जोडपट्ट्या त्यानं जपून ठेवल्या होत्या. त्या बसवताना मोठा बोल्ट भोकात सरळ जाईना. त्यानं सवयीनं हात पुढं केला, आणि हात पोचलाच नाही. तो तसाच हवेत राहिला. बायकोनं त्याचं मनगट धरलं, त्याचा पंजा बोल्टाच्या टोकावर ठेवला आणि वरून आपल्या तळव्यानं दाबलं. बोल्ट आत गेला.

"गेला," ती म्हणाली.

"मी नाही घातला," तो म्हणाला. "बोटांनी काही केलंच नाही."

गाडी न्यायला दूरच्या गावची एक तरुण सर्वेक्षक आली. डोंगरात जमिनी मोजत फिरणारी. तिनं गुलाबी सांध्यावर बोट फिरवून विचारलं, "हे काय?" कवळीकर म्हणाला, "हिरडी आहे. राहू द्या, निघणार नाही." चेन किती सैल ठेवायची, थंडीत चोक किती वेळ ओढायचा, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती कशी खाकरते, तो सांगत सुटला. ती ऐकत होती, पण मान डोलावताना तिचं लक्ष रस्त्याकडं लागलं होतं. त्या वयात त्याचंही लागलं असतं.

ती निघाली. गल्लीच्या तोंडाशी तिनं क्लच घाईनं सोडला, गाडीनं आचका दिला, पण बंद पडली नाही. मग दुसरा, तिसरा. कवळीकर फाटकाला टेकून एकेक गिअर ऐकत होता. चौथा पडला तो बससारख्या कशाच्या तरी आवाजात बुडाला, आणि पुढचा ऐकूच आला नाही.

"आत चला," बायको म्हणाली. तिच्या नखांत, तळव्यांच्या रेषांत काळं ग्रीस भरलं होतं. त्याचे हात स्वच्छ होते. त्यानं ते तिच्यासमोर धरले.

"बघ," तो म्हणाला. "आंघोळ घातल्यासारखे."

तिनं ते हात आपल्या काळ्या हातांत घेतले आणि फाटकाशीच उभी राहिली. पलीकडं रेडिओ चालू होता. आत जायची घाई कुणालाच नव्हती. आत गेल्यावर काय करायचं, तेही त्या दोघांना ठाऊक नव्हतं.