सोनुनला ऐकू आलेला डोंगर

डोंगराच्या पायथ्याच्या कारा-बुलाक गावात सोनुनला सगळे ओळखत ते मेंढ्यांना औषधाच्या सुया टोचणारी म्हणून. मेंढीला गुडघ्यात पकडून सुई मारायची आणि वर तिलाच शिवी हासडायची, असा तिचा खाक्या. ती गावप्रमुख होईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण जुना प्रमुख तेशेबाय हृदय बंद पडून गेला, धडधाकट पुरुष रशियात इमारती बांधत होते, आणि उरलेल्यांपैकी कुणाला ती खुर्ची नको होती. त्या खुर्चीत मान थोडा, शिव्या फार. पंचमंडळींनी इकडेतिकडे पाहिलं आणि सोनुनसाठी हात वर केले. मोल्दोकुल हा गावातला सर्वांत वडीलधारा, पांढऱ्या दाढीचा. तो म्हणाला, वर्षभर बसू दे तिला, तोवर कुणीतरी बाप्या परत येईलच.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा तिने तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

तेशेबायची विधवा क्युम्युश डोंगराच्या कुशीतल्या वरच्या आळीत राहायची. सोनुन तिच्याकडे मेंढ्या बघायला गेली होती आणि अंगणात चहाला टेकली होती. एवढ्यात पायाखालून, खूप खोलवरून, कुणीतरी जड पेटी फरफटत न्यावी तसा आवाज आला. आला आणि थांबला. सोनुनने वर पाहिलं. क्युम्युश मान खाली घालून चहा ओतत राहिली. वाडग्यातला चहा एका बाजूला काठाशी आला होता आणि दुसऱ्या बाजूला बोटभर खाली होता.

मग तिला एकेक दिसायला लागलं. वरच्या आळीतली दारं लागेनात, लावलेली आपोआप उघडत. झऱ्याचं पाणी ताकासारखं पांढुरकं येऊ लागलं. मेंढ्या वरच्या कुरणाच्या कडेला जाऊन उभ्या राहत, आत पाय टाकत नसत. कब्रस्तान त्याच उतारावर होतं. तिथले सगळे दगड गावाच्या बाजूला कलले होते, जणू म्हातारी माणसं वाकून खाली काय चाललंय ते बघताहेत.

आवाजाबद्दल कुणी बोलत नव्हतं. दारं, पाणी, दगड बघून बोलत होते ते सोनुनबद्दल. बाई खुर्चीवर बसली म्हणून डोंगर रुसलाय, हे आधी थट्टेत निघालं. मग थट्टा गेली आणि बोलणं तेवढं उरलं. झऱ्यावर ती आली की बायका गप्प होत. एका सुनेने तिला पाहून अंगणातलं तान्हं पोर आत नेलं. मॉस्कोहून तिच्या दिराने फोन केला आणि हसत हसत विचारलं, काय वहिनी, डोंगर पाडणार म्हणे तुम्ही? सोनुनही हसली. पण फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, की खरंच, मी बसायच्या आधी हा आवाज कधी होता?

हे विचारण्याजोगं माणूस एकच होतं. ती भर दुपारी क्युम्युशकडे गेली. म्हातारी दाराला धोंडा लावत होती.

"क्युम्युश-अपा, खरं सांगा. माझ्यामुळे होतंय का हे?"

क्युम्युशने धोंडा नीट बसवला, हात झग्याला पुसले.

"तेशेबायला दर वसंतात ऐकू यायचा," ती म्हणाली. "शेवटच्या वर्षी तर दिवसभर रेडिओ मोठ्याने लावून बसायचा. लोकांना वाटलं, म्हातारा बहिरा झाला."

"मग कुणाला बोलले का नाहीत?"

"काय बोलणार? गावाचा प्रमुख आणि मातीला भितो? हसले असते सगळे. मलाही शपथ घातली होती." ती सोनुनकडे वळली. "तुझं बरं आहे, पोरी. बाई घाबरली तर कुणाला नवल वाटत नाही. तू बोलून टाक."

सोनुनला हा मान समजावा की अपमान, ते कळेना. पण दुसऱ्या दिवशी तिने शाळेची घंटा बडवून गाव वर्गात गोळा केलं. काय काय सांगायचं ते ती मनाशी ठरवून आली होती. उभी राहिल्यावर तोंडातून एकच वाक्य निघालं.

"मला त्या डोंगराची भीती वाटते."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मोल्दोकुल म्हणाला, बाईच्या हाती लगाम दिला की घोडा सावलीलाही बुजतो. तशी क्युम्युश उठली आणि नवऱ्याची शपथ सगळ्यांसमोर मोडली. रेडिओचं सांगितलं. बोलताना तिने एकदाही आवाज चढवला नाही.

मोल्दोकुलने डोक्यावरची फेल्टची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाला, "मलाही ऐकू येतो. नमाजाला कपाळ टेकलं की." त्याच्या शेजारच्याने मान हलवली. मग त्याच्या पलीकडच्याने. सोनुन एकेकाचा चेहरा बघत गेली. सगळ्या गावाला ऐकू येत होतं. प्रत्येकाला वाटत होतं, की फक्त आपल्यालाच.

वरच्या आळीतली माणसं खाली राहायला आली. कुणी शाळेत, कुणी सोयऱ्यांकडे. अंथरुणं, शिलाई मशीन, कोंबड्या, सगळं निघालं. आळी रिकामी झाली आणि आवाज बंद पडला. काही दिवस इतकी शांतता होती की लोक चिडले; उगीच घर सोडायला लावलं म्हणून सोनुनच्या दारात येऊन बोलून गेले.

मग एका निरभ्र दुपारी ती मेंढी धरून बसली होती आणि तिची नजर सहज वर गेली. वरच्या आळीतली पॉप्लरची झाडं चालत होती. ताठ उभीच्या उभी, एका रांगेत, सावकाश उताराने खाली येत होती. पानही हलत नव्हतं, आवाज कसलाच नव्हता. घरं त्यांच्यामागून आली आणि वाटेत एकेक करून बसली, उंटाने बसावं तशी. धूळ उठली, आणि आवाज त्यानंतर आला.

माणूस एकही गेलं नाही. कब्रस्तान मात्र खाली उतरलं होतं. तेशेबायचा दगड शाळेच्या कुंपणाशी येऊन थांबला होता, सरळ, न पडता. क्युम्युश त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आलास शेवटी सांगायला," एवढंच म्हणाली.

शरद ऋतूत रशियाहून एर्मेक परतला. तरणा, शिकलेला. पंचांनी त्याला प्रमुख केलं. संकट टळलं होतं आणि आता रस्ता, वीज अशी बाप्यांची कामं होती, असं त्यांचं म्हणणं. हे सांगायला मोल्दोकुल स्वतः सोनुनकडे आला. चहा न पिता उठला. सोनुन सुया घेऊन पुन्हा मेंढ्यांत गेली. वाईट वाटलं का असं कुणी विचारलं तर म्हणायची, मेंढी निदान ढुशी समोरून मारते.

पुढच्या वसंतात एर्मेक तिच्या अंगणात आला. हवापाण्याचं बोलला. तिने तळलेले बोरसोक खाल्ले. मग दाराकडे एकदा पाहून आवाज खाली आणला.

"सोनुन-एजे, ते कसं ऐकू यायचं हो नेमकं?"

"कुठून येतोय?"

"खालच्या आळीकडून," तो म्हणाला. "कुणाला सांगू नका हं."

सोनुनने शाल घेतली. "ऊठ. घंटा मी बडवते. बोलायचं तू."

तो नको नको म्हणत होता, तरी तिच्यामागून गेला. गाव जमलं. तो उभा राहिला, खाकरला, पुन्हा खाकरला. सोनुन पहिल्या बाकावर बसून त्याच्याकडे बघत होती. शेवटी एर्मेक म्हणाला, "मला भीती वाटते."

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरची एक बाई उठली आणि अंथरुणं बांधायला घरी गेली.